ग्रामसभेला पहिल्यांदा जाताय? मागणी वहीत कशी उतरवून घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं गाव. गल्लीत गटार नाही, पावसाळ्यात सगळं पाणी दारात येतं. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि विचारणारे पहिल्यांदाच जाणार आहेत. कन्नड ऐकून समजतं, लिहिता येत नाही. तिथं कधी बोलायचं, काय बोलायचं आणि त्याचा उपयोग होतो का?

उपयोग होतो, पण सभेतल्या भाषणाने नाही. सभेची नडावळी, म्हणजे इतिवृत्ताची वही, हाच खरा कागद. तुमच्या गटाराचं एक नीट वाक्य त्या वहीत गेलं आणि तिथून वर्षाच्या क्रिया योजनेत, म्हणजे कृती आराखड्यात चढलं, तर काम होण्याची शक्यता. दोन तास भांडून वहीत "गटाराबाबत चर्चा झाली" एवढंच आलं, तर ते पाणी पुढच्या पावसाळ्यातही दारातच राहणार.

आधी सभा कुठली ते पाहा. लोक सगळ्यालाच 'मीटिंग' म्हणतात, पण कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा, १९९३ यात वॉर्डसभा (कलम ३) आणि ग्रामसभा (कलम ३अ) वेगळ्या आहेत. दोन्ही दर सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हव्यात. पंचायतीची सामान्य सभा ही तिसरी. ती सदस्यांची असते, तिथं ग्रामस्थ म्हणून तुमचं मत धरलं जात नाही. गल्लीच्या कामाचा प्रवास वॉर्डसभेतून सुरू होतो. वॉर्डाने मागण्यांची यादी करायची, ती ग्रामसभेपुढे यायची, तिथं अग्रक्रम ठरायचा, मग पंचायतीने आराखडा मंजूर करायचा. तेव्हा आज-उद्याच पंचायतीत जाऊन पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारा: "आमच्या वॉर्डाची सभा कधी झाली, आणि यादीत आमची गल्ली आहे का?" पुष्कळ गावांत वॉर्डसभा देवळाच्या कट्ट्यावर पंधरा-वीस जणांत उरकते आणि गल्लीला पत्ता नसतो. यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत मागणी करता येते, फक्त जोर जास्त लावावा लागतो. सदस्यांची मुदत संपून प्रशासक आलेला असेल, तर वॉर्डाचा माणूस म्हणून धरायला कुणी नसतं आणि पीडीओंशी थेट बोलणं आणखी गरजेचं होतं.

वेळेचं गणित सरळ आहे. पुढच्या आर्थिक वर्षाचा विकास आराखडा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तयार होऊ लागतो. देशभराची जनयोजना मोहीम २ ऑक्टोबरपासूनच धरतात. त्यामुळे दिवाळीच्या आसपासच्या वॉर्डसभा आणि त्यानंतरची ग्रामसभा या कामाच्या. जून-जुलैच्या ग्रामसभेत केलेली मागणी बहुधा पुढच्या एप्रिलनंतरच्या यादीसाठी धरली जाते, आणि तेव्हा भातलावणीमुळे अर्धं गाव शेतात असतं ते वेगळंच. तुमची सभा या काळात असली तरी जा. मात्र त्याच वर्षी खोदाई सुरू होईल अशी आशा धरू नका आणि ऑक्टोबरमध्ये तोच अर्ज पुन्हा द्या.

आता काम कुणाचं. इथं सगळ्यात जास्त ताकद वाया जाते. गल्लीतलं गटार, गल्लीतला रस्ता, रस्त्यावरचे दिवे, गावठाणातली मिळकत-नोंद, कचरा ही पंचायतीची बाजू. गावाला जोडणारे ग्रामीण रस्ते बहुतेक पंचायत राज अभियांत्रिकी खात्याकडे, मोठे जिल्हा रस्ते आणि राज्य महामार्ग पीडब्ल्यूडीकडे. विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर हेस्कॉमकडे. बसची फेरी वायव्य परिवहन महामंडळाकडे. शहराला लागून असलेल्या गावांत नवे ले-आउट आणि जमिनीच्या वापराचा आराखडा बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, अखत्यारीत येतो; कंग्राळी, हिंडलग्याकडच्या लोकांना याचा अनुभव असेल. दुसऱ्या खात्याचं काम मागायला हरकत नाही, कारण ग्रामसभेला खात्यांचे अधिकारी बोलावलेले असतात. पण तेव्हा ठराव "शिफारस करून अमुक खात्याला पाठवावा" असा लिहून घ्यायचा. "पंचायतीने करावे" असं लिहिलं की ते काम आराखडा तपासताना गळतं.

तुमचं गटार आता जवळून बघू. "गल्लीत गटार हवं" ही मागणी पुरेशी नाही. इंजिनिअर अंदाजपत्रक करायला येईल तेव्हा तो पाच गोष्टी विचारणार, त्या आधीच कागदावर हव्यात. कुठून कुठपर्यंत (घर क्रमांक किंवा खुणा), लांबी किती, कोणत्या बाजूने, जागा कुणाची, आणि पाणी शेवटी कुठं सोडायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तोंड नसलेलं गटार म्हणजे डासांची लांबलचक टाकी. गावोगावी अशी गटारं दिसतात, कारण निधी आला तेवढ्या लांबीचं बांधलं आणि पुढच्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर पाणी अडवलं. म्हणून शेवट नाल्यात किंवा मोठ्या गटारात होतो का ते बघा. वाटेत कुणाचं शेत असेल तर त्याची लेखी संमती आधी घ्या. खासगी जमिनीवर पंचायतीला पैसा घालता येत नाही. तोंडी "बांधा की, माझी काही हरकत नाही" हे जेसीबी आल्यावर कुणाला आठवत नसतं.

उतार स्वतः मोजता येतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, दहा-पंधरा मीटरची. पाणी भरा, आतले बुडबुडे पूर्ण काढा. एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. दोन टोकांना दोघांनी नळी उभी धरायची आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून जमीन किती खाली आहे ते टेपने मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. टप्प्याटप्प्याने गल्लीच्या शेवटापर्यंत जा आणि फरकांची बेरीज करा. साधारण दोनशेला एक एवढा उतार मिळाला तर सांडपाणी वाहतं, म्हणजे १०० मीटरला ५० सेंटिमीटर. जमीनच सपाट असेल तर गटार सुरुवातीला ३० सेंटिमीटर खोल आणि १०० मीटरवर ८० सेंटिमीटर खोल होतं. मग झाकण लागतं, खर्च वाढतो आणि लहान मुलं पडण्याची भीती. अशा ठिकाणी पाणी उलट्या दिशेला काढता येतं का ते आधीच पाहिलेलं बरं. मुख्य रस्ता ओलांडावा लागत असेल तर तिथं मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट, लागणार आणि रस्ता ज्या खात्याचा त्याची परवानगीही. हे अर्जात नसेल तर काम नेमकं त्या कडेला येऊन थांबतं.

आणखी एक. जलजीवनच्या नळाची पाइप गल्लीत टाकायची बाकी आहे का ते विचारा. आधी गटार आणि मग पाइप असा क्रम झाला की नवं काँक्रीट फुटतं. उलट, पाइप आधीच असेल तर ती कोणत्या बाजूने गेली आहे ते वॉटरमनला विचारून नकाशावर दाखवा, नाहीतर खोदाईत घराघरांचे नळ तुटतात. संडासाच्या टाकीचं पाणी उघड्या गटारात सोडायचं नाही हेही गल्लीत आधीच ठरवून घ्या. त्याला शोषखड्डा. आणि ज्यांच्या पायऱ्या, कट्टे रस्त्यावर आलेत त्यांच्याशी सभेच्या आधी बोला. सभेत विषय काढला की तो गटाराचा न राहता भाऊबंदकीचा होतो.

पैसा कुठून येतो हे थोडं माहीत असलं की मागणी योग्य खात्यात बसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात पंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधील होता, त्यात निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, पण पगार आणि आस्थापनेवर तो खर्च करता येत नव्हता. नव्या आयोगाच्या अनुदानाची विभागणी पीडीओंकडून सभेआधी विचारून घ्या. सांडपाण्याचं काम स्वच्छतेच्या बाजूला बसवायचं, की रस्त्यासोबत अबंध निधीत, हे तेच सांगतील, आणि अर्जात त्याप्रमाणे लिहिता येतं. पेव्हर ब्लॉकसाठी सगळं गाव अबंध निधीवरच उड्या मारतं. तुमचं गटार स्वच्छतेत बसलं तर त्या चढाओढीतून सुटलं. पंचायतीचा स्वतःचा निधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी. गल्लीची घरपट्टी थकलेली असेल तर सभेत पहिला टोमणा तोच येतो. पट्टी भरून, पावत्या खिशात घेऊनच जा.

आता भाषा. सीमाभागातल्या बहुतेक गावांत सभेत मराठीच बोलतात, सदस्यही मराठी. पण नडावळी कन्नडात लिहिली जाते, पीडीओ बाहेरच्या तालुक्याचे असू शकतात, आणि वर तालुका पंचायतीत जाणारा कागद कन्नडच. मराठीत अर्ज देण्याचा तुमचा हक्क कुणी नाकारू शकत नाही. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे तक्रार-निवारणासाठी राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. हक्क तो हक्क, तो वापराच. पण गटार लवकर हवं असेल तर मराठी अर्जाच्या मागे कन्नड प्रतही जोडा. कारण साधं आहे: तुम्ही मराठीत सांगितलेलं लिहिणारा आपल्या शब्दांत कन्नडात उतरवतो, आणि त्या उतरवण्यात "मारुती देवळापासून नाल्यापर्यंत" हे गळून "गल्लीत गटार" एवढंच राहतं. कन्नड वाक्य तुम्हीच हातात दिलं की तो ते जसंच्या तसं वहीत घालतो, त्याचंही काम वाचतं. लिहून द्यायला गावातला दहावी-बारावीचा मुलगा-मुलगी पुरे. मराठी माध्यमातही कन्नड विषय असतोच. मात्र लिहून झालं की त्यालाच ते मराठीत परत वाचून दाखवायला सांगा आणि लांबी, खुणा, घर क्रमांक बरोबर आलेत का ते तपासा.

सभेत कानावर पडणारे शब्द माहीत असू द्या. चरंडी म्हणजे गटार, कुडियुव नीरु म्हणजे पिण्याचं पाणी, बीदी दीप म्हणजे रस्त्यावरचे दिवे, कामगारी म्हणजे बांधकामाचं काम, फलानुभवी म्हणजे लाभार्थी. ठराव, अर्ज, हजेरी हे शब्द दोन्हीकडे जवळपास सारखेच.

अर्ज सभेत देऊ नका. सभेच्या पाच-सहा दिवस आधी पंचायतीत द्या, दोन प्रतींत, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घ्या. सभेच्या दिवशी टेबलावर अर्जांचा ढीग पडतो, त्यातला कुठला कुठे जातो ते सांगता येत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक सही, त्यात बायकांच्या सह्या हव्यातच. दारात साचलेल्या पाण्याचा त्रास त्यांनाच आधी. सोबत पावसातले दोन-तीन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. पाच पानी निवेदन नको, एक पान पुरे. एका अर्जात एकच काम. गटार, दिवे, स्मशानाचा रस्ता आणि शाळेचं कंपाउंड एकाच कागदावर लिहिलं की त्यातलं सगळ्यात सोपं निवडून "कार्यवाही केली" असं उत्तर येतं.

सभेचा दिवस. वेळ अकराची असली तर सव्वाअकरापर्यंत जागा मिळते, साडेबाराला सुरू होते, हे धरून चाला. हजेरी वहीवर सही करायची, पण वही कोरी असेल, वर सभेचं नाव-तारीख नसेल, तर "आधी वर लिहा, मग सही करतो" असं सांगा. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या एक दशांश किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तो, आणि प्रत्येक वॉर्डातून किमान दहा जण. गल्लीतून पंधरा-वीस जण घेऊन जाण्याचं हेही कारण: गर्दीची छाप पडते ती पडतेच, शिवाय कोरमअभावी सभा पुढे ढकलायला निमित्त राहत नाही.

अध्यक्ष सभा चालवतात, तालुक्याकडून नेमलेला नोडल अधिकारी बसलेला असतो. नाडगीत (राज्यगीत), स्वागत, मागच्या सभेच्या ठरावांवर काय झालं त्याचं वाचन, जमाखर्च, खात्यांची माहिती, घरकुलांची यादी, रोजगार हमीची कामं, मग ग्रामस्थांच्या मागण्या, असा साधारण क्रम. सगळ्यांचं लक्ष घरकुलांच्या यादीवर असतं. नाव आलेले आणि न आलेले, दोघंही त्यानंतर निघून जातात. तुमच्या लोकांना आधीच सांगून ठेवा की उठायचं नाही. मागण्या शेवटी येतात, तेव्हाच माणसं हवीत.

बोलायची संधी दोनदा येते. पहिली, मागच्या ठरावांचं वाचन होतं तेव्हा, तुमची मागणी मागे झाली असेल तर "त्या ठरावाचं काय झालं?" एवढंच विचारा. दुसरी, मागण्यांच्या वेळी. उभं राहून नाव, गल्ली, वॉर्ड सांगायचा, आवक क्रमांक आणि तारीख सांगायची, काम एका वाक्यात, पाणी कुठं सोडणार ते एका वाक्यात, आणि शेवटी "हे वॉर्ड क्रमांक अमुकच्या यादीत पहिल्या क्रमांकावर धरून ठराव करावा, कुणाला हरकत असेल तर आताच सांगावी." दोन मिनिटांत संपतं. मागच्या पाच वर्षांत कोणत्या गल्लीला काय मिळालं याचा हिशेब उगाळू नका. खरा असला तरी समोरचा माणूस त्याला उत्तर देत बसतो आणि तुमचा विषय राहतो. आणि पंचायतीच्या राजकारणातला 'तुम्ही कुठल्या पॅनलचे' हा प्रश्न कुणी काढला तर गल्लीतल्या दोन्ही पॅनलच्या माणसांना शेजारी उभं करा. सह्यांचा कागद तिथं उपयोगी पडतो.

सभा संपताना एकच आग्रह धरा: ठराव वाचून दाखवा. पुष्कळदा "वही नंतर लिहितो" असं म्हणतात आणि ती चार दिवसांनी पंचायतीत लिहिली जाते. कामाच्या घाईत तसं होतं, सगळीकडे लबाडी असते असं नाही. पण तुमचं वाक्य तेवढं तरी त्याच ठिकाणी लिहून घ्या आणि विषय क्रमांक, ठराव क्रमांक टिपून घ्या. नोडल अधिकारी बसलेले असतात, त्यांच्यासमोर मागितलं तर नाही म्हणत नाहीत.

त्यानंतर आठवड्याभराने नडावळीची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये शुल्क. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. लांबलचक तक्रार-कथा लिहून अर्ज परत आल्याची उदाहरणं कमी नाहीत. "अमुक तारखेच्या ग्रामसभेची नडावळी आणि अमुक वर्षाच्या मंजूर क्रिया योजनेची प्रत" एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावरही दिसतो: वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडत गेलं की कामांची यादी आणि रक्कम. तुमची गल्ली त्यात नसेल तर ठरावाची प्रत घेऊन तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्यांकडे लेखी जा. यादीत असेल तर इंजिनिअर मोजायला येईल त्या दिवशी गल्लीत कुणीतरी हजर राहा आणि नळीने काढलेली मापं त्याच्या हातात द्या.

बायकांनी वेगळं जावं का, असाही प्रश्न नेहमी येतो. महिला ग्रामसभा असते, तिथं पाणी-गटार-शौचालयाचे विषय जास्त सहज निघतात; स्त्रीशक्ती संघाच्या बायकांनी तिथं हीच मागणी नोंदवली तर ग्रामसभेत तिला दुसरा आधार मिळतो.

खानापूरच्या जांबोटी-कणकुंबीकडून कुणी हे वाचत असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. तिथं एका पंचायतीत दूरदूरच्या वाड्या असतात आणि ग्रामसभा पंचायतीच्या गावी. वाडीतून माणसं आणायला गाडीचा खर्च पडतो, म्हणून वाडीतल्या वॉर्डसभेवरच जोर द्या. दुसरं, रस्ता किंवा पाण्याची पाइप वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर पंचायतीच्या साध्या ठरावाने भागत नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे रस्ता, पिण्याच्या पाण्याची पाइप, शाळा, अंगणवाडी अशा ठरावीक सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ही ग्रामसभा गावाची, अनेक गावं मिळून होणाऱ्या पंचायतीची नव्हे. वनहक्काच्या नियमांत तिचा कोरमही जड आहे: निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. नेहमीच्या ग्रामसभेत शंभर जणांच्या हजेरीवर केलेला असा ठराव वनखातं परत पाठवतं, तेव्हा तो विषय वेगळी सभा बोलावूनच घ्या. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काम येत असेल तर एवढ्यानेही भागत नाही. तिथं अर्ज लिहिण्याआधीच वनखात्याच्या रेंज कार्यालयात जाऊन जमिनीचा सर्व्हे क्रमांक आणि हद्द कागदावर तपासून घ्या.